जाळ्याचा वाटा

पहिलं प्रशिक्षण मी वाया घालवलं, हे आधीच सांगून टाकते.

तेव्हा मी गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला, नुकतीच रुजू झाले होते. त्याआधी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरी शिकवलेली, त्यातली निम्मी देवगड आणि मालवण तालुक्यांतल्या किनाऱ्यावरच्या द्विशिक्षकी शाळांत. त्यामुळे लहान मुलांचं गणित आपल्याला कळतं, असा माझा ठाम समज. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं होतं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे २०२६-२७ पर्यंत साधायचं. बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षी, १० पर्यंतचे अंक, पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९, तिसरीत ९९९९. हा तक्ता मी प्रोजेक्टरवर लावला आणि अंगणवाडी सेविका, पहिली-दुसरीचे शिक्षक अशा चाळीसेक जणांना दोन दिवस समजावत बसले. सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. चहाबरोबर बटाटेवडा बरा होता. फोटो काढले, अहवाल गेला.

महिन्याभराने वर्गांवर गेले, तर सगळं जिथल्या तिथे. मुलं एक ते शंभर घोकतायत, पाटीवर लिहितायत, चुकलं की पुसून परत लिहितायत. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. कुठे पोचायचं ते मी सांगितलं होतं. समोरच्या पोराच्या डोक्यात आत्ता काय चाललंय ते कसं बघायचं, हे सांगितलंच नव्हतं. खरं तर ते मलाही नीट येत नव्हतं.

ते कळलं एका अंगणवाडीत. बाहेर पाऊस असा कोसळत होता की पत्र्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. सेविकाताईंनी साडेचार वर्षांची एक मुलगी कौतुकाने पुढे केली. "मॅडम, हिला वीसपर्यंत येतं." माझ्या पिशवीत खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांचे धुतलेले शिंपले होते. त्यातले सात मी चटईवर मांडले. तिने एकेका शिंपल्यावर बोट ठेवत ऐटीत मोजलं, एक ते सात, एकही चूक नाही.

"मग किती आहेत?"

तिने परत पहिल्यापासून मोजलं. मी परत विचारलं, किती? परत एक, दोन, तीन. चौथ्यांदा विचारल्यावर वैतागली. "आत्ताच मोजलंय मा!"

मग मी म्हटलं, "मला पाच दे." तिने मूठभर उचलले आणि माझ्या हातावर ठेवले. सहा होते.

ताईंचा चेहरा पडला. "रोज येतं हो तिला, तुम्हाला बघून बावरली." बावरली बिवरली काही नव्हती. तिच्या लेखी मोजणं म्हणजे बोट नाचवत म्हणायचं गाणं होतं. शेवटी येणारा 'सात' हा तिच्यासाठी त्या शेवटच्या शिंपल्यावर म्हणायचा शब्द, सगळ्या ढिगाची संख्या नव्हे. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या दोघांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच सूत्रं मांडली: एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, शेवटचा शब्द म्हणजे सगळ्यांची संख्या, मोजता काहीही येतं, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. ही पाचही मी प्रशिक्षणात एका स्लाइडवर दाखवून पुढे गेले होते. इथे तिसरं सूत्र नसलेलं मूल माझ्यासमोर मांडी घालून बसलं होतं आणि ओळखायला मला चार प्रश्न लागले.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून हजर असलेल्या अकरा मुलांना एकेक करून 'पाच दे' म्हटलं. नेमके पाच चौघांनीच दिले. आणि वीसपर्यंत म्हणणारी होती नऊ.

मग करायचं काय? ताई म्हणाल्या, अजून घोटून घेते. मी म्हटलं, उलट थांबवू या थोडं. तीनपर्यंतच ठेवू, पण खरंखुरं. उपाय शेवटी त्यांनाच सुचला, तोही खाऊच्या वेळी. पंगतीतल्या एका मुलाला सांगायचं, "तुमच्या ओळीत जितके बसलेत तितक्या वाट्या आण, पण एकाच खेपेत." ओळ तिघांची, मग चौघांची, मग पाचांची. वाट्या स्वयंपाकाच्या खोलीत, मुलं इकडे. म्हणजे संख्या डोक्यात धरून पलीकडे न्यायची. वाटी कमी पडली की ज्याला मिळाली नाही तो ओरडतो, आणणारा स्वतःच परत जातो. चूक कोणी सांगायची गरजच नाही. वही नाही, पाटी नाही, वेगळा तास नाही. ती 'आत्ताच मोजलंय मा' वाली मुलगी गणपतीनंतर चार वाट्या एका खेपेत आणायला लागली. तोवर ताईंनी एक छोटी वही घातली होती: कोण गाणं म्हणतं, कोण खरं मोजतं. शासनाच्या कुठल्याच नमुन्यात असा रकाना नाही.

हा अनुभव गाठीला बांधून दुसरं प्रशिक्षण घेतलं. या वेळी प्रोजेक्टर लावलाच नाही. फळ्यावर लिहिलं: क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ. म्हटलं, आपल्या गावात आकडेच नाहीत, ही दहा अक्षरं आहेत. क म्हणजे एक, ख म्हणजे दोन, असं पुढे. पण मनातल्या मनात आकड्यात बदलायचं नाही, अक्षरांतच राहायचं. आता सांगा, घ अधिक ग किती?

हॉल शांत. मग हळूहळू ओठ हलायला लागले. झ मधून च गेले, राहिले किती? आता हात टेबलाखाली गेले. तिसऱ्या बाकावर एक ज्येष्ठ गुरुजी होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. 'बोटांवर मोजायचं नाही' हा त्यांच्या वर्गातला कायदा. गुरुजींचा अंगठा करंगळीच्या पेरांवरून भराभर चालला होता. शेजारच्या बाईंनी पाहिलं, त्यांनी त्यांच्या शेजारणीला दाखवलं, आणि हशा पिकला. गुरुजीही हसले, पण हात लगेच खिशात.

एक तरुण शिक्षक म्हणाले, "मॅडम, घ अधिक ग बरोबर ज, हे पाठ करून घेतलं की बोटं लागणार नाहीत." बरोबर होतं त्यांचं. मी विचारलं, "पाठ करा. पण ज म्हणजे किती, ते डोळ्यांसमोर येतंय का?" ते थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नाही. नुसतं अक्षर दिसतंय." पहिलीतल्या पोराला ७ असाच दिसतो, हे मग मला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर दोन-दोन दिवसांची प्रशिक्षणं मी जमेल तितकी टाळली. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत तासभर मागून घेतला. बाकीचे दिवस शाळेवर जायचं, एका मुलाबरोबर दहा मिनिटं बसायचं आणि शिक्षकाने शेजारी बसून नुसतं बघायचं. बोलायचं नाही. सगळ्यात जड हेच गेलं. मूल अडखळलं की शिक्षकाच्या तोंडून "अगं, कालच घेतलंय की!" निघालंच म्हणून समजा. एका बाईंनी तर शेवटी पदराचा बोळा तोंडावर धरला. प्रश्न तीनच ठरवले: किती? तुला कसं कळलं? अजून कसं करता येईल?

मधला प्रश्न म्हणजे पंचाईतच झाली. 'कसं कळलं' म्हटलं की मूल ताबडतोब पाटी पुसायचं. इतकी वर्षं तो प्रश्न आपण उत्तर चुकल्यावरच विचारत आलो होतो, त्याचा अर्थ मुलांनी चोख ओळखला होता. बरोबर उत्तरानंतरही तोच प्रश्न येऊ शकतो, हे पटायला दिवाळी उजाडली.

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका शाळेत दुसरीतला मुलगा त्रेचाळीसला ३४ लिहायचा आणि चौतीसला ४३. बाई म्हणाल्या, "धांदरट आहे." मी म्हटलं, तो कानाने लिहितोय. 'त्रे' आधी ऐकू आला म्हणून ३ आधी, चाळीस नंतर म्हणून ४ नंतर. आपल्या आकड्यांची नावं उलटी आणि लिहिणं सुलटं, त्याला तो काय करणार? माडाच्या हिराच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून त्याच्यासमोर ठेवल्या. "त्रेचाळीस दे." त्याने चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या दिल्या, न अडखळता. म्हणजे संख्या त्याला कळत होती, गोंधळ लिहिण्यापुरता. हे काड्या समोर ठेवल्याशिवाय समजलं नसतं, आणि तोवर त्याने बिचाऱ्याने पानंच्या पानं १ ते १०० लिहिली होती. मग वर्गात काही दिवस दोन्ही म्हणायचं ठरलं: चाळीस आणि तीन, त्रेचाळीस. त्याच वर्गात एकोणतीसला ३९ लिहिणाऱ्या तिघी होत्या. 'तीस' ऐकू येतं आणि 'एकोण' असलं की शेवटी नऊ असतो, एवढं ठाऊक. झालं ३९. त्यांना तीन जुड्या दिल्या आणि म्हटलं, यातली एक काडी मला द्या. जुडी सोडल्याशिवाय काडी देता येईना. सोडली, दिली, आणि एकीने उरलेल्या बघून आपणहून पाटीवरचा ३ पुसून २ केला.

यावरून २०१९ चं आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि विधानसभेपासून व्हॉट्सअॅपपर्यंत टिंगल झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर. मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून ही जोडीची पद्धत, जुने शब्द काढलेले नाहीत, हे त्या सांगत होत्या, पण ऐकायला कोण तयार होतं? माझ्यापुरतं सांगायचं तर मीही तेव्हा एक विनोद पुढे पाठवला होता. बावीस वर्षं ४३ आणि ३४ च्या चुका लाल शाईने गोल करणारी मी.

साहित्याचं म्हणाल, तर पैशाची अडचण कुठेच आली नाही. आली ती कुलपाची. शाळाशाळांत गणित पेटी पोचलेली होती, आत मण्यांची छान माळ, दहा लाल दहा निळे असे शंभर मणी. एका शाळेत ती प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट कपाटात होती. "मुलांनी हरवलं तर साठा नोंदवहीत काय दाखवू?" बाईंची भीती अगदीच खोटी नव्हती, मणी कमी म्हणून ऐकून घ्यावं लागतं, न वापरल्याबद्दल कोणी विचारत नाही. मी वाद घातला नाही. डी.एड.ला असताना आमची सहल कोसबाडच्या टेकडीवर गेली होती, ते त्यांना सांगितलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या वरच्या टोकाला, बालवाडी सुरू केली आणि पुढे काम कोसबाडला नेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर भागवलं. आपल्याकडे तर काजूच्या बिया, आठळ्या, करवंट्या, कवड्या पायाखाली येतात.

कवड्यांचा फार उपयोग झाला. पटावर टाकायच्या चार कवड्या मुलांच्या ओळखीच्याच. उताण्या किती, पालथ्या किती, हे पोरं न मोजता नजरेने सांगतात. एके दिवशी मी चार कवड्या दाखवल्या, करवंटी उपडी घालून काही झाकल्या आणि विचारलं, आत किती? पहिलीतला मुलगा म्हणाला, "दोन."

"तुका कसां कळलां?" शाळेतली प्रमाण भाषा मी बाजूला ठेवली होती, त्याने फरक पडतो.

"ह्ये दोन दिसतत, मगे करवंटीखाली दोन."

शेजारी गप्प बसलेल्या बाई एकदम म्हणाल्या, "अहो, ही वजाबाकीच की!" वजाबाकीच. फक्त चिन्ह नाही, हातचा नाही. त्यांनी मग पाच कवड्या, सहा, असं करत शिमग्यापर्यंत दहा गाठल्या. दहाच्या जोड्या पाठ करून न घेता पाठ झाल्या. याच शाळेच्या पालकसभेत एका आजोबांनी मला गार केलं. मासेमारीत आयुष्य गेलेलं, शाळा चौथीपर्यंत. भरतीची वेळ कशी काढता, विचारलं, तर म्हणाले, तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, आणि मग आपल्या किनाऱ्याप्रमाणे थोडं मागेपुढे धरायचं. पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, त्यांना अजून पाठ होती. पण पाठ होती म्हणून नव्हे, समुद्रावर रोज ताडून बघितली होती म्हणून चालत होती. पाठांतराच्या बाजूने बोलणारे शिक्षक यावर खूश झाले, मीही झाले; दोघांची कारणं वेगळी.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो प्रसंग. मालवण तालुक्यातली शाळा, खिडकीतून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसते इतकी किनाऱ्यालगत. दुसरीचा वर्ग, समान वाटणी. सरांनी चौघांच्या गटाला वीस शिंपले दिले: "चौघांत सारखे वाटा." तीन गटांनी पाच-पाच केले. चौथ्या गटात एका मुलीने पाच ढीग घातले, प्रत्येकात चार. सर बोलायच्या बेतात होते. त्यांचा हात वर गेला, मग माझ्याकडे बघून खाली आला. (हे त्यांनी केलं म्हणून पुढचं घडलं, एरवी ती 'चूक' तिथेच संपली असती.) सरांनी विचारलं, "हे पाच वाटे कसे गं?"

तिने सरांकडे असं बघितलं की यांना एवढंही कसं ठाऊक नाही. "आणि जाळ्याचो वाटो?"

रापणीत मासळी वाटतात तेव्हा ओढणाऱ्या माणसांबरोबर जाळ्याचाही वाटा निघतो. तिचा बाबा रापणीवर जाणारा. चार माणसं आणि एक जाळं, वीस भागिले पाच, चार. हिशेब बिनचूक. सरांनी वर्गाला विचारलं, हिचं बरोबर की तुमचं? अर्धा तास भांडण चाललं. कोणी म्हणे शिंपल्यांना जाळं लागत नाही, हाताने काढतात. कोणी म्हणे होडीचा वाटा कुठे गेला? होडीचाही धरला तर सहा वाटे, वीसात तीन-तीन, आणि दोन उरतात. ते दोन कोणाचे? "मांजराचे," एक जण म्हणाला. बाकी म्हणजे काय, हे सर पुढच्या महिन्यात शिकवणार होते.

सगळीकडे असं झालं नाही. एका शाळेत वर्षभर जाऊनही मला काही हलवता आलं नाही. तिथल्या बाई करवंटीचा खेळ मी असेपर्यंत घ्यायच्या आणि मी एसटीत बसले की वह्या बाहेर. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी 'वह्या कोऱ्या कशा?' म्हणून त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या वह्या भरून घेत राहिल्या, यात मला त्यांचा दोष दिसत नाही. वाट्या एका खेपेत आणल्याचा पुरावा वहीत चिकटवता येत नाही, हे खरंच आहे.

कपाटातल्या माळेचं मात्र सांगायचं राहिलं. डिसेंबरात बाईंनी ती बाहेर काढली होती आणि फेब्रुवारीत, जी भीती होती तेच झालं, दोघांच्या ओढाताणीत दोरा तुटला. त्या दिवशी मी तिथेच होते. मणी बाकांखाली, दाराबाहेर, व्हरांड्यातून मातीत. पोरं रांगत होती, बाई कपाळाला हात लावून उभ्या. गोळा झालेले मणी नवीन दोऱ्यात ओवायला घेतले, दहा लाल, दहा निळे, दहा लाल. ओवून संपताच पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "तीन गेले."

बाईंचा राग कुठच्या कुठे गेला. माळ हातात तशीच धरून त्या खाली बसल्या. "तुका कसां कळलां?"

"निळे सातच आसत," तिने टोक दाखवलं. अख्खी माळ तिने मोजलीच नव्हती.

साठा नोंदवहीत बाईंनी त्याच दिवशी 'मणी ९७' असं लिहून खाली सही केली. सोमवारी सकाळी त्यांचा फोन. "मॅडम, केर काढताना एक सापडला. नोंद खोडू, की तसंच ठेवून मुलांनाच विचारू?"